बिस्मथच्या बारा जोड्या

५ डिसेंबर १९८५, गुरुवार. दुपारच्या प्रॅक्टिकलला मुलं यायच्या आत मला एक आलेख शाईने पक्का करायचा होता. पेन्सिलीने तो काढून झाला होता. त्यावर ट्रेसिंग पेपर टाचायचा, काळ्या शाईने रेघ गिरवायची, अक्षांवर आकडे घालायचे आणि शाई वाळली की इकडेतिकडे उडालेले ठिपके ब्लेडने खरवडायचे, एवढंच काम. महिनाअखेरीच्या परिषदेत तो पडद्यावर दाखवायचा होता. दाखवणार होते मी, कारण ज्यांचं ते संशोधन होतं त्या आमच्या विभागप्रमुखांना आता सलग चार वाक्यं बोलता येत नव्हती. घशाचा कॅन्सर होता. मुंबईहून किरणांचा शेक घेऊन परत आले तेव्हा डॉक्टरांनी पुढची तारीख दिली नाही. त्याचा अर्थ त्यांना कळला, घरच्यांना कळला आणि कॉलेजलाही कळला. परिषदेत निबंध वाचला जाईपर्यंत जगायचं, एवढं त्यांनी ठरवलं होतं. हा माझा अंदाज नाही. त्यांनी ते डॉक्टरांना माझ्यासमोर सांगितलं होतं.

सगळे त्यांना सर म्हणायचे, मीही तेच म्हणते. सर सिन्नरजवळच्या एका खेड्यातले. त्यांच्या वस्तीतून कॉलेजात गेलेले ते पहिले, आणि नाशकात ज्या कॉलनीत राहत तिथे प्राध्यापक एकटेच. आमच्या कॉलेजात पदार्थविज्ञान म्हणजे व्हर्निअर, लोलक आणि वर्षअखेरीला जर्नलवर सह्या. तिथे संशोधन करणारा माणूस म्हणजे स्टाफरूमला फुकटची करमणूक. "काय सर, आज किती अणू फोडले?" असं इंग्रजीचे एक प्राध्यापक चहा पिता पिता विचारायचे.

"फुटलेलेच मोजतो हो. फोडायला इथं वीज कुठं आहे?" सर म्हणायचे.

ते खरंच होतं. फोडाफोडी परदेशात व्हायची. सरांचा एक जुना विद्यार्थी तिकडच्या मोठ्या यंत्रावर कामाला होता. आम्ही इथून पारदर्शक प्लास्टिकच्या लहान, पातळ पट्ट्या कापून, आकडे घालून पाठवायच्या. तिकडे एका पट्टीवर बिस्मथ धातूचा अगदी नाजूक थर चढायचा, त्यावर दुसरी पट्टी बसायची, की झाली एक जोडी. अशा बारा जोड्या एकापाठोपाठ एक रचून तो विद्यार्थी त्या यंत्रातून येणाऱ्या कार्बनच्या केंद्रकांच्या झोतासमोर धरायचा. पहिल्या जोडीत झोत पूर्ण वेगाने शिरतो, प्रत्येक जोडीत थोडा थकतो, आणि बाराव्या जोडीपर्यंत पोचताना चांगलाच मंदावलेला असतो. म्हणजे एका खेपेत बारा वेगवेगळ्या वेगांवर काय घडतं ते हाती येतं. त्यामुळे कोणती जोडी कितवी, यावर सगळं अवलंबून.

काय घडतं तेही सांगते. कार्बनचं केंद्रक बिस्मथच्या भल्या मोठ्या केंद्रकावर आदळलं की एक तर ते आख्खं गिळलं जातं. नाहीतर कार्बन तुटतो, त्याचा एक तुकडा गिळला जातो आणि दुसरा काही झालंच नाही अशा थाटात त्याच वेगाने पुढे निघून जातो. याला अपूर्ण संमीलन म्हणतात. दोन्ही प्रकारांत फुगलेलं मोठं केंद्रक शेवटी दुभंगतं आणि त्याचे दोन भाग दोन्हीकडच्या पट्ट्यांत खुणा करून थांबतात. आख्खा कार्बन गिळला असेल तर धक्का जोराचा बसतो आणि दोन्ही खुणा झोताच्या दिशेने जास्त झुकतात. अर्धामुर्धा गिळला असेल तर कमी झुकतात. आमचं काम म्हणजे सूक्ष्मदर्शकाखाली त्या खुणा शोधायच्या आणि त्यांच्यामधला कोन मोजायचा.

वेग जास्त असला की कार्बन जास्त वेळा तुटतो, वेग उतरला की तुटणं कमी होत जातं, हे तोवर सगळ्यांनी पाहिलेलं होतं. सरांच्या हाती नेमकं उलटं आलं. झोत मंदावेल तसं तुटणं वाढत होतं. त्यासाठी त्यांनी कारणही शोधून काढलं होतं. हळू येणाऱ्या कार्बनला मोठ्या केंद्रकाचा विद्युतभार जास्त वेळ ताणत राहतो, म्हणून तो आत शिरायच्या आधी दाराशीच तुटतो. कारण पटण्यासारखं होतं. मला पटलं, परिषदेच्या परीक्षकांनाही पटलं असावं, कारण निबंध स्वीकारल्याचं कळलं. सरांच्या कॉलनीत विहाराबाहेर एक फळा आहे. त्यावर कोणीतरी खडूने लिहिलं, 'आपल्या सरांचा शोध देशाच्या परिषदेत'. अक्षरं पुसट झाली की पोरं ती परत गिरवायची.

पट्ट्यांवरच्या खुणा आपोआप दिसत नाहीत. पट्ट्या कॉस्टिक सोड्याच्या गरम द्रावणात काही तास ठेवल्या की खुणांच्या जागी बारीक खळगे पडतात. तापमान एकसारखं राहावं लागतं. कॉलेजात तसं उपकरण नव्हतं आणि वीज बेभरवशाची, म्हणून हे काम सरांच्या स्वयंपाकघरात चालायचं. वातींचा स्टोव्ह, त्यावर पातेल्यात पाणी, पाण्यात चिनी मातीची बरणी, बरणीत सोडा. थर्मामीटर बघून वाती खालीवर करायच्या त्या सरांच्या बायकोने. मी त्यांना वहिनी म्हणायचे. विंचूरकडच्या, कांद्याच्या खळ्यांवर वाढलेल्या, चौथी शिकलेल्या.

"हिच्याकडं पारा जागचा हलत नाही," सर अभिमानाने सांगायचे.

"पाऱ्याचं काय घेऊन बसलात? इतकी वर्षं तुमचा पारा सांभाळतेच हाय की," वहिनी म्हणायच्या.

पट्ट्यांच्या कोपऱ्यात बारीक भोक असायचं. सोड्यात घालायच्या आधी आम्ही सगळ्या पट्ट्या क्रमाने एका दोऱ्यात ओवायच्या आणि एक नंबरच्या टोकाला गाठ मारायची. आकडे शाईने घातलेले, ते सोड्यात निघून जायचे. टोकदार काहीतरी घेऊन आकडे कोरावेत असं मी एकदा सुचवलं होतं, पण ओरखडा खुणेसारखा दिसेल म्हणून सरांना ते नको होतं. जोडीतली पुढची पट्टी कोणती हे कापलेल्या कोपऱ्यावरून समजायचं. जोडी कितवी, हे मात्र सोड्यातून बाहेर आल्यावर फक्त दोऱ्याची गाठ सांगायची.

मोजणी माझ्याकडे होती. एका जोडीत पुरेशा खुणा सापडल्या की थांबायचं आणि पुढची जोडी घ्यायची, हा सरांचा नियम. आपल्याला प्रमाण हवंय, एकूण संख्या नको, असं ते म्हणायचे. ओझरहून एखादं विमान उडालं की खिडकीच्या काचा थरथरायच्या आणि भिंगातली खूण नाचायला लागायची, मग हात आखडून बसायचं. पहिल्या जोड्यांनी माझी मान मोडली. स्क्रू फिरवत राहायचं, फिरवत राहायचं आणि मग कुठे एखादी खूण. पुढच्या जोड्या सोप्या होत गेल्या आणि शेवटच्या तर भराभर उरकल्या.

"बाई, डोळा बसला तुमचा," सर म्हणाले.

मलाही तसंच वाटलं. शिवणकाम असो, पोळ्या असोत, पहिल्यांदा वेळ लागतो, मग हात बसतो. यात विचार करण्यासारखं काही आहे असं आम्हा दोघांनाही वाटलं नाही.

तर त्या गुरुवारी आलेख गिरवताना माझ्या मनात आलं की परिषदेत कोणीतरी हमखास विचारणार, अमुक एवढ्या जागेत एकूण किती खुणा होत्या? उत्तर तयार असावं. मी कपाटातून पट्ट्यांचा दोरा काढला. मोकळ्या टोकाकडून पहिली हाताला लागली ती बारावी जोडी. ती भिंगाखाली सरकवली. खुणाच खुणा, एक मोजते तोवर शेजारी दुसरी. मग गाठीजवळची पहिली जोडी घेतली. स्क्रू फिरवत राहिले. काही नाही. बऱ्याच वेळाने एक.

आता डोळा बसण्याचा प्रश्न नव्हता. सुरुवातच बाराव्या जोडीने केली होती आणि तीच सोपी गेली होती. झोत जितका मंद तितकी त्याची आत घुसायची ताकद कमी, आणि तितकी दुभंगणारी केंद्रकंही कमी. खुणा सगळ्यात जास्त असायला हव्यात पहिल्या जोडीत आणि सगळ्यात विरळ बाराव्या. मी मधल्या जोड्याही पाहिल्या. मोकळ्या टोकाकडून गाठीकडे खुणा एकेका पायरीने विरळ होत गेल्या होत्या. जिला आम्ही पहिली म्हणत होतो ती बारावी होती. सगळा क्रम उलटा होता, आणि क्रम सरळ केला की सरांचा शोधही सरळ होऊन इतरांसारखा होत होता.

मुलं आली. त्यांचं प्रॅक्टिकल घेतलं, जर्नलं तपासली, प्रयोगशाळेला कुलूप लावलं. सांगावं की नाही हा प्रश्न मला कॉलेजच्या फाटकापासून बस स्टॉपपर्यंत पडला. बस आली तेव्हा तो सुटलेला होता. खोटा आहे हे माहीत असलेला आलेख मी दाखवणार नव्हते, आणि दाखवणार नाही हे सरांपासून लपवायचं तर रोज त्यांच्यासमोर बसून परिषदेच्या तयारीच्या गप्पा मारायला लागल्या असत्या. ते माझ्याच्याने झालं नसतं.

कॉलनी निम्मी रिकामी होती. सहा डिसेंबरच्या अभिवादनासाठी लोक मुंबईला निघाले होते. कोपऱ्यावर टेम्पोत बायका भाकरीची गाठोडी मांडीवर घेऊन बसल्या होत्या. वहिनी दरवर्षी जायच्या. या वर्षी त्या स्वयंपाकघरात फडक्यातून भाताची पेज गाळत होत्या, कारण एक शीत जरी गेलं तरी सरांना ठसका लागायचा. सर खिडकीजवळच्या खाटेवर होते. गळ्याची कातडी शेकाने काळी पडून सोलली होती. खोलीत जखमेचा वास होता आणि तो उदबत्तीने जात नव्हता.

"या बाई." आवाज म्हणजे नुसती घरघर. "झाला आलेख?"

"नाही."

"शाई सांडली?"

"नाही सांडली. आधी वहिनींना एक विचारायचंय."

वहिनी पदराला हात पुसत बाहेर आल्या. "इचारा की."

"त्या पट्ट्या सोड्यातून काढल्यावर तुम्ही काय केलं होतं?"

"काय करायचं? धा पाण्यातून काढल्या. धुतलेल्या फडक्यावर निथळल्या."

"दोऱ्यासकट?"

"दोरा लय खराब झाला व्हता हो. पिवळा पडलेला, हाताला बुळबुळीत. ह्यांच्या कामाला असला दोरा शोभंल का? म्हणून नव्या दोऱ्यात ओवल्या. इकडची तिकडं नाय केली हां एक बी. वळीनं काढली, वळीनं ओवली."

"कशा ओवल्या ते दाखवता?"

वहिनींना गंमत वाटली. त्यांनी सुईदोरा आणला आणि फुलं ओवायच्या आधी मारतात तशी दोऱ्याच्या टोकाला गाठ मारली. मग नुसत्या हातांनीच दाखवलं. जुन्या दोऱ्याच्या मोकळ्या टोकाकडून जी पहिली निघाली ती नव्या दोऱ्यात पहिली गेली आणि गाठीला जाऊन टेकली. मग तिच्यामागून दुसरी.

मी सरांकडे पाहिलं. ते वहिनींच्या बोटांकडे बघत होते. मला पुढचं काही सांगावं लागलं नाही.

"मोजून पाहिलंत?" त्यांनी विचारलं.

"पाहिलं. बारावी भरगच्च आहे. पहिली रिकामी."

ते वहिनींकडे वळले. "तुला कुणी सांगितलं होतं दोरा बदलायला?"

"खराब झाला व्हता म्हणून..."

"कुणी सांगितलं होतं?" ते ओरडायला गेले, पण आवाज फुटलाच नाही, नुसती मान ताणली गेली. ठसका लागला. तोंडाला लावलेलं फडकं लाल झालं. वहिनी हातात सुई धरून तशाच उभ्या राहिल्या.

"सर, त्यांना कशाला बोलता?" मी म्हटलं. "आकडे शाईने घालायचं कुणी ठरवलं? सोड्यात शाई टिकत नाही हे त्यांना माहीत असायला हवं होतं की आपल्याला? आणि गाठीकडची पहिली, हे त्यांना कधी सांगितलं होतं?"

"नव्हतं सांगितलं," सर म्हणाले.

"लय नुकसान झालं का?" वहिनींनी विचारलं. थोडा वेळ वाट बघून त्या म्हणाल्या, "पेज निवंल," आणि आत गेल्या.

सर छताकडे बघत पडून राहिले. मग म्हणाले, "क्रम फिरवून मांडलं तर?"

"तर सगळ्यांचं येतं तसं आपलं येतं."

"म्हणजे बरोबर येतं."

"बरोबर येतं. पण नवीन काही सांगण्यासारखं राहत नाही."

"मोजणी चांगली झालीय आपली."

"मोजणी उत्तम झालीय."

शेजारच्या घराला कुलूप लावल्याचा आवाज आला, मग टेम्पो सुरू झाल्याचा.

"असं करा," ते म्हणाले. मधे मधे श्वास घेत बोलत होते. "जाऊन वाचून या. महिना संपला की मी नसेनच. मग दुरुस्ती छापा."

"मी वाचणार नाही सर."

"बाई, मी मरतोय."

"माहीत आहे. म्हणून आजच आले. उद्यावर टाकलं असतं तर टाकतच गेले असते."

"तुम्ही दगड आहात."

"असेन."

त्यांनी भिंतीकडे तोंड केलं. मी उठले नाही. वहिनी वाटीत पेज घेऊन आल्या, खाटेच्या कडेला बसल्या आणि त्यांनी चमचा पुढे केला. सरांनी तोंड उघडलं नाही. चमचा तसाच धरलेला राहिला. शेवटी वहिनींनी तो वाटीत परत ओतला.

"तार करा," सर भिंतीकडे बघतच म्हणाले. "पत्र पोचेपर्यंत कार्यक्रम छापला जाईल. क्रमात चूक झाली म्हणून निबंध मागे घेतोय, एवढंच लिहा. खाली माझं नाव."

"दोघांचं लिहिते."

"माझं एकट्याचं. आणि फळ्याचं मी बघतो. लोक परत येऊ देत, मीच सांगेन त्यांना."

कसं सांगणार, हे मी विचारलं नाही.

निघताना वहिनी दारापर्यंत आल्या. आवाज खाली आणून म्हणाल्या, "बाई, माझ्यामुळं झालं ना?"

"दोरा उलटा ओवला गेला. कसा ओवायचा ते तुम्हाला कोणी सांगितलं नव्हतं."

"म्हंजी माझ्यामुळंच."

"तुमच्या हातून झालं. चूक आमची."

त्यांनी ते ऐकलं की नाही कोण जाणे. खाटेकडे एकदा वळून बघून त्या म्हणाल्या, "आता ह्ये कशाच्या आशेवर जगायचे हो?"

मी चपला घातल्या. आणखी काय करणार होते?

घरी आल्यावर नवऱ्याला सांगितलं. तो ओझरच्या विमान कारखान्यात तपासणीला आहे. दिवसभर सुटे भाग मोजायचे आणि त्यांवर शिक्का मारायचा किंवा ते बाजूला टाकायचे, हे त्याचं काम. हात धुताना म्हणाला, "आमच्याकडं भाग उलटा बसला तर विमान पडतं. तुमच्याकडं काय पडणार होतं? मरणाऱ्या माणसाला महिनाभर सुखानं राहू दिलं असतं तर कुणाचं काय जात होतं?"

"आमटी गरम आहे तोवर बस," मी म्हटलं.

जेवताना तो परत म्हणाला, "पण विचार केलास का?"

"केला. तुला भात वाढू?"

मी भांडी घासली, सकाळची भाजी निवडून ठेवली आणि झोपले. झोप लागली. लागली नाही असं लिहिलं तर ते खोटं होईल.

दुसऱ्या दिवशी सकाळी कॉलेजला जायच्या आधी तारघरात गेले. खिडकीवरच्या कारकुनाने माझ्याकडे पाहून, सवयीने असेल, हळू आवाजात विचारलं, "कोणी गेलं का?"

"नाही."

त्याने मजकूर वाचला, शब्दांवर पेन्सिल टेकवत मोजले. एक शब्द त्याला लागला नाही, तो मी वाचून दाखवला. पैसे दिले, पावती घेतली. सरांचे तास तेव्हा माझ्याकडेच होते, म्हणून तिथून थेट त्यांच्या वर्गावर गेले आणि हजेरी घेतली. पुढच्या बाकावरच्या एका मुलीने विचारलं, "बाई, सर कधी येणार?"

"येणार नाहीत," मी म्हटलं. "वह्या काढा."